एकशे अकरा टक्के अ‍ॅस्पिरिन

"एकशे अकरा टक्के?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पल्लवीची उत्तरपत्रिका माझ्यापुढे धरली. "शंभर ग्रॅम पावडरीत एकशे अकरा ग्रॅम औषध? असंच शिकवता का इथे?"

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतो. त्या दिवशी बॅकलॉगवाल्यांचं, म्हणजे विषय राहिलेल्या सहा जणांचं प्रॅक्टिकल होतं. दिलेल्या पावडरीत अ‍ॅस्पिरिन किती टक्के आहे, ते काढायचं. बाकी पाच जणांचे आकडे नव्याण्णव आणि शंभरच्या मधे होते. परीक्षक खूश होते. सकाळी शाल आणि नारळ मिळाल्यापासूनच ते खूश होते.

पल्लवी सिहोऱ्याची. घरी धानाची शेती. हे प्रॅक्टिकल टायफॉइडमुळे राहिलेलं. नागपूरजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे माल बाहेर पडण्याआधी तपासणाऱ्या विभागात, तिची निवड झाली होती. अट एकच: महिनाभरात सगळे विषय पास हवेत. इथे नापास झाली असती, तर नोकरी गेली असती.

गणित पुन्हा तपास, असं मी तिला हळूच सुचवलं. खरं तर मनात आलं होतं, नव्याण्णव लिहून मोकळी का नाही झाली ही.

"दोनदा केलं सर," ती म्हणाली. "दोन्ही डाव तेच येऊन राहिलं."

"मग चूक कोणाची?" परीक्षकांनी विचारलं.

"मायी नाही वाटत, सर. बाटली हुंगून पाहा. व्हिनेगरसारखा वास येते."

बाटली मीच कपाटातून काढून दिली होती. झाकण सैल होतं आणि अख्खा पावसाळा तिने तसाच काढला होता. ओल लागली की अ‍ॅस्पिरिन फुटतं आणि एका आम्लाची दोन होतात. आम्ही मोजतो ते आम्ल मारायला किती अल्कली लागलं यावरून. एकाच्या जागी दोन गिऱ्हाइकं आली की माल जास्त खपणारच. म्हणजे औषध बिघडलं आणि टक्के वाढले.

परीक्षकांनी चिमूटभर पावडरीवर फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले. चांगल्या अ‍ॅस्पिरिनला रंग येत नाही. इथे वांग्यासारखा जांभळा आला.

मी चूक कबूल केली. परीक्षक बाकी पाच जणांकडे वळले. बाटली तर सगळ्यांना एकच होती. मग ह्यांना नव्याण्णव कुठून मिळालं? एकाने छताकडे पाहिलं, दुसरा ब्युरेट, म्हणजे मोजमापाची काचनळी, पुसू लागला. पाठ्यपुस्तकात किती यायला हवं ते छापलेलंच असतं.

नवी बाटली फोडून पाचही जणांना पुन्हा बसवलं. पल्लवीही ब्युरेट धुवायला निघाली.

"तू नको," परीक्षक म्हणाले. "तुझं झालं."

ती स्टुलावर बसली आणि पाणी प्यायली. मीही प्यायलो.

पुढच्या महिन्यात ती कामावर रुजू झाली. फार्मसीत स्कोप आहे का, असं पालक मला दर वर्षी अ‍ॅडमिशनच्या वेळी विचारतात. मी सांगतो, आला तो आकडा लिहिणाऱ्याला आहे. इतरांनाही नोकऱ्या मिळतात. फक्त त्यांनी पास केलेली गोळी आपल्याला लागू नये, एवढं बघावं.