काही झालं तरच फोन कर

विद्यापीठात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. तसा तो वर्गात तासभर न थांबता बोलायचा, नाव पडलं होतं ते त्याच्या संशोधनावरून. कारखान्यातली यंत्रं नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतात, आणि बोलतात म्हणजे किती बोलावं? प्रत्येकाचं एकच पालुपद: मी ठीक आहे, मी ठीक आहे. या बडबडीत ज्याला खरंच काही सांगायचंय, त्याचा निरोप अडकून पडतो. म्हणून त्यानं नियम काढला, की ठीक असेल त्यानं गप्प बसावं, बिघडलं तरच तोंड उघडावं.

बाटल्यांची झाकणं बनवणारा एक अख्खा कारखाना त्यानं कॉम्प्युटरवर उभा केला होता. प्लास्टिक वितळायचं, साच्यात जायचं, थंड होऊन खोक्यात पडायचं. कुठलं यंत्र अडलं तर मागे काय काय तुंबेल, ते सगळं पडद्यावर दिसायचं. झाकणंच का, तर त्याच्या ताईनं अशाच एका कारखान्यात उभ्यानं झाकणं निवडण्यात उमर काढली होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठायची. आता निवृत्त होऊन ती दुसऱ्या गावात, त्याच जुन्या खोलीत एकटी राहत होती.

संध्याकाळी तिचा फोन यायचा. नळ गळतोय, शेजारणीची मांजर व्याली, तू जेवलास का. एकदा तिचा फोन आला तेव्हा पडद्यावरचा कारखाना पुन्हा कोलमडला होता आणि हा वैतागून बसला होता.

“ताई, सगळं ठीक असेल तर फोन कशाला गं? काही झालं तरच करत जा.”

“बरं,” ताई म्हणाली.

ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. पण ताईला त्याचं म्हणणं पटलं. फोन बंद झाले, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं.

पुढे एक दिवस त्याच्यासोबत संशोधन करणाऱ्या बाईंनी त्याला धरलं. “अहो, वीज गेलेलं यंत्रही गप्पच असतं. तेही ठीक आहे असं समजायचं का?” त्याला ते लागलं. मग मुख्य कॉम्प्युटरनं अधूनमधून प्रत्येक यंत्राला हाक मारायची आणि त्यानं ओ द्यायची, अशी सोय त्यानं केली. शोधनिबंध छापून आला, लोकांनी पाठ थोपटली. यंत्रांना हाक मारायचं सुचलं, ताईला मारायचं सुचलं नाही. एवढा शिकलेला माणूस, पण फोन येत नाही म्हणजे ताई मजेत आहे, असं तो अगदी मनापासून धरून चालला होता.

शेवटी फोन आला तो शेजारणीचा. ताई स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. आणायला उशीर झाला, बोलणं परत येईल याची आशा धरू नका, म्हणाले. बाहेर बाकावर शेजारीण बसली होती.

“अहो, आधीपासून म्हणत होत्या, हाताला मुंग्या येतात, कप निसटतो. मी म्हटलं, भावाला कळवा. तर म्हणाल्या, एवढ्याशाला काय काही झालं म्हणायचं? खरंच काही झालं की करीन, त्याच्या कामात उगाच व्यत्यय नको.”

बिघाड कशाला म्हणायचा, हे त्यानं यंत्रायंत्राला नेमकं ठरवून दिलं होतं. ताईच्या बाबतीत मात्र ते ताईवरच सोपवलं होतं. आणि हात गळून पडेपर्यंत तिचं सगळं ठीकच असणार, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं?

तो आत गेला. ताई जागी होती. तिच्या उशाशी बसून त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

“फोन का नाही केलास गं, ताई?”

आणि त्याला रडू फुटलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. ओठ हलले, शब्द आला नाही. मग तिनं धड असलेला डावा हात उचलला, त्याचे डोळे पुसले, आणि दाराकडे बोट केलं. जा, तुझी कामं खोळंबली असतील.

तो हलला नाही. तिनं पुन्हा दाराकडे बोट केलं.