गाणं सुरू झालं की सांग

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नगरच्या स्टँडवर सोनईच्या गाडीची वाट बघत उभी होते आणि माझ्या पर्समध्ये रिमोटचे सेल होते. शकूआत्यानंच मागवले होते. "येताना सेल घेऊन ये गं पोरी, दाबून दाबून अंगठा दुखाया लागलाय," असं आदल्याच दिवशी फोनवर म्हणाली होती. शनिवार होता. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आता मोजकेच गाणारे उरले होते आणि तो कार्यक्रम आत्याशेजारी बसून बघायचा म्हणून मी निघाले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, आत्या गेल्या... दुपारी जरा पडते म्हनल्या, अन् उठल्याच न्हाईत." मी गाडीत बसले, खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि घोडेगाव येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच खुळचट विचार होता, की आता हे सेल कुणाला द्यायचे...

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय बारीक राहिला. चालताना ती डाव्या हातानं मांडी दाबून धरायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक साडीचा तेवढाच भाग आधी विटायचा. लग्न झालं नाही. हातानं फिरवायच्या मशीनवर तिनं गावातल्या कितीतरी बायकांचे ब्लाऊज शिवले, साड्यांना फॉल लावले, आमच्या घरातली बाळंतपणं निभावली, भांडणं मिटवली, काही स्वतः लावूनही दिली. जिभेला हाड म्हणून नव्हतं. तरी तिच्या दहाव्याला आलेल्या बायका एकीमागून एक तेच म्हणत होत्या, "बिचारी! काय सुख बघितलं तिनं?" मी तेव्हा मुकाट ऐकून घेतलं, पण नगरला परत आल्यावर मला राहवेना. हा लेख त्या एका शब्दापायी लिहिते आहे. आत्याला तिखट म्हणा, आगाऊ म्हणा, हट्टी म्हणा, सगळं खरं आहे. बिचारी मात्र म्हणू नका. तो शब्द तिनं जन्मभर दारात उभा केला नाही.

गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. तिचा स्वतःचा गळा तर असा, की गणपतीच्या आरतीत ती रंगात आली की टाळ वाजवणारा गडबडायचा. पण शनिवार-रविवारी जेवणं लवकर उरकून ती खाटेवर बसायची, मांडीवर कुणाची तरी साडी, हातात सुई, आणि स्पर्धा सुरू झाली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. गाणाऱ्यांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून तिनंच त्यांची बारशी केली होती. एक मुलगा डोळे मिटून गायचा, तो 'झोपाळू'. एक मुलगी दर ओळीला हात वर न्यायची, ती 'जाळी काढनारी'. एकदा एकजण चकचकीत कोट घालून आला तर ही म्हणाली, "ह्याचं शिवान बग, खांद्यात उचललंय. असा कोट घातल्यावर कुनाचाबी सूर चढंल." परीक्षकांनाही सोडत नव्हती. त्यांतले एक गृहस्थ प्रत्येक गाण्यानंतर उभे राहून टाळ्या वाजवायचे. "त्यांची खुर्ची बदला रे कुनीतरी, टोचती वाटतं," असं ती अगदी काळजीनं म्हणायची. आणि हिनं ज्याला डोक्यावर घेतलं तो पुढच्या आठवड्यात हमखास बाहेर. माझा भाऊ, दादा, तर तिला हात जोडून म्हणायचा, "आत्या, मला आवडनाऱ्याला तू नावं ठेव, म्हंजे तो जिंकंल."

एकच गोष्ट तिला सोसायची नाही. गाण्याआधी त्या मुलामुलींच्या घरचा व्हिडिओ दाखवतात ना... पत्र्याची खोली, चुलीपुढं बसलेली आई, मागून रडवं संगीत. तो लागला की आत्या रिमोट उचलायची, अंगठ्यानं आवाज बंद करायची आणि मान खाली घालून फॉलचे टाके घालत बसायची. "रडगानं लागलं. गानं सुरू झालं की सांग." सांगायचं काम माझं. पडद्यावर मुकी माणसं डोळे पुसत असायची आणि इकडे वहिनी पदर नाकाला लावून कळवळायची, "अवो आत्या, ऐकू तरी द्या की!" दोघींचं दर आठवड्याला वाजायचं. वहिनीला खरं म्हणजे गाण्यापेक्षा तो व्हिडिओच जास्त आवडायचा, हे ती स्वतःही कबूल करते.

यंदा त्या स्पर्धेत पाथर्डीकडची एक मुलगी आली. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, मुलगी फडावरच गाणं म्हणत मोठी झालेली. मग काय विचारता! जिल्हाभर मोबाईलवर निरोप फिरले, आपल्या मातीतली लेक आहे, मत द्या. पहिल्या भागात तिचा व्हिडिओ एवढा लांबला की आत्याच्या हातातला फॉल लावून संपत आला. मग ती गायली. पोर भेदरलेली होती, वरच्या सुरात आवाज चिरकला, एक ओळ विसरलीसुद्धा. परीक्षक मात्र रडत होते, आणि पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे झाले. आत्या म्हणाली, "न्हाई जमलं पोरीला." वहिनी फोन हातात घेऊन मत द्यायच्या तयारीत होती. ती चिडलीच. "असं काय करता आत्या, बिचारीचे आईबाप ऊस तोडत्यात..."

"आईबाप तोडत्यात ना? मग आईबापाला दे मत. पोरीचं गानं वाईट झालंय."

तेव्हा शेजारच्या मालनकाकू आमच्यात बसल्या होत्या. त्या आपल्या सहज म्हणाल्या, "शकू, दुसऱ्यांचं सोड, पन तुला तरी कळाया पायजे गं." आत्याची सुई थांबली. "मलाच कळतंय, म्हनून सांगते," ती म्हणाली आणि तिनं दातानं दोरा तोडला.

मालनकाकू गेल्यावर मी विषय काढला. आत्यानं टीव्हीखालच्या फळीवरच्या स्टीलच्या पेल्याकडे बोट केलं. रिमोट त्या पेल्यातच उभा असायचा. मी लहान असल्यापासून तो पेला बघत आले आहे. आधी त्यात तिचे खडू आणि कात्री असायची. पाणी प्यायला तिनं तो कधीच घेतला नाही. त्यावर 'गायन, प्रथम क्रमांक' असं कोरलेलं आहे आणि आत्याचा गळा माहीत असल्यामुळे आम्हा भावंडांना तो जन्माचा विनोद वाटत आला होता. त्या दिवशी तिनं त्याची गोष्ट सांगितली. "शाळेत गॅदरिंग हुतं. बाईंनी मला बळंच उभी केली. दोघींनी धरून स्टेजवर चढवलं तर लोकांनी तवाच टाळ्या वाजवल्या. आजून तोंडबी उघडलं नव्हतं मी! मंग गायले. कशी गायले असंल ते तुला ठावं हाय. अन् पयला नंबर माझा. गंगू माझी मैत्रीन, काय गळा हुता तिचा... तिला दुसरा. बक्षीस देताना पाव्हणे माईकवर म्हनले, बिचारी पायानं अधू असून किती छान गायली. आता मी काय पायानं गायले व्हय गं?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली, "गंगू त्यानंतर माझ्याशेजारी बसली न्हाई. तिचं काय चुकलं? मला माझं गानं ऐकू येत हुतं की... लोकांनी ऐकलंच न्हाई. नुसतं बघितलं." मला भरून आलं. तेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. "झालं का तुझंबी रडगानं सुरू?" म्हणत तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

त्यानंतर ती त्या पाथर्डीच्या मुलीकडे फार कान देऊन बसायला लागली. नव्या मुलीला शिवण शिकवताना बसायची, अगदी तशी. सुई हातात, पण लक्ष तिकडे. "वर जाताना घाबरती. घाबरायचं सोडलं की बग," असं दर वेळी म्हणायची. आणि एका रविवारी त्या मुलीनं खरंच सोडलं. निवेदकाची टोपी उडवली, पदर खोचला आणि असं काही गायली, की दादा बाहेरच्या ओट्यावरून उठून आत आला. गाणं संपेपर्यंत आत्याची सुई कापडात तशीच उभी. मग एक मोठा श्वास सोडून ती म्हणाली, "पोरी, फोन काढ. आता दे माझं मत."

"मी कवाच दिलंय, पयल्याच दिवशी," वहिनी म्हणाली.

"तू बिचारीला दिलं. मी गानारनीला देते."

ती आमची शेवटची बैठक. पुढच्या शनिवारी आत्या गेली.

अंतिम सोहळ्याच्या दिवशी मी पुन्हा सोनईला गेले. दहावा, तेरावा सगळं उरकलं होतं, पाव्हणे पांगले होते. आत्याच्या खाटेवर कुणी बसेना, आम्ही तिघंही खालीच सतरंजीवर बसलो. पर्समधले सेल काढून मी रिमोटमध्ये घातले. बाकीची सगळी बटणं कोरी करकरीत, आवाज बंद करायच्या बटणावरची खूण मात्र पार पुसून गेली आहे, तिथं अंगठ्याएवढा गुळगुळीत खळगा पडलाय. त्यावरून मी बोट फिरवलं आणि रिमोट परत पेल्यात ठेवला. निकाल आत्ताच सांगते, पहिला नंबर त्या झोपाळूचा आला. आत्यानं उचलून धरलेला गाणारा शेवटपर्यंत काही जिंकला नाही, आणि तिला याचं हसूच आलं असतं.

पाथर्डीच्या मुलीची पाळी आली तसा पुन्हा तोच व्हिडिओ लागला. फड, कोयता, पाचटाची खोपी, रडवं संगीत. मी वहिनीकडे बघितलं. तिचे डोळे नेहमीसारखे भरले होते. पदर नाकाला लावला होता. पण दुसरा हात पुढं झाला, तिनं पेल्यातून रिमोट काढला आणि आवाज बंद केला. पडद्यावर माणसं मुक्यानं रडत राहिली. मग दिवे बदलले, ती मुलगी पुढं आली, तिनं माईक धरला, ओठ हलले. वहिनीचा अंगठा बटणावर तसाच. ती माझ्याकडे बघत थांबली होती... मग माझ्या ध्यानात आलं. सांगायचं काम माझं होतं.

मी खाटेकडे वळून म्हटलं, "आत्या, गाणं सुरू झालं."