लाल मांडव आणि पिवळा कुर्ता

आमच्या सोसायटीची बाग म्हणजे तीन बाकडी, एक झोपाळा, थोडं गवत आणि एक कोनशिला. यांपैकी कोनशिला सर्वात आधी आली. उद्घाटनाला भागातले एक वजनदार नेते येणार होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मांडव कुठे घालायचा हे बघायला कमिटी बागेत गेली, आणि तिथल्या लिंबाच्या झाडावर त्यांना मधमाश्यांचं पोळं दिसलं.

तळहाताएवढं पोळं. फुलोरी जातीच्या माश्या, घरमाशीपेक्षा फार मोठ्या नसतात. माझी मोठी बहीण तळमजल्यावर राहते. तिने शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्या पोळ्यासमोर बसते. घरातल्या कुणासमोर ती इतका वेळ बसल्याचं मला आठवत नाही.

आमचे अध्यक्ष हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. धोका दिसला की तो हटवायचा, ही त्यांची नोकरीतली सवय. त्यांनी धूर करून पोळं काढणारा माणूस ठरवूनही टाकला. ताई तडक मीटिंगमध्ये गेली. मी मागून गेलो, कारण फुकटात बघायला मिळणाऱ्या गोष्टी आजकाल कमी झाल्यात.

तिने सांगितलं ते असं. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. हिरव्या पानांत लाल फूल असलं तर तिला ते पानांमधल्या काळपट डागासारखं वाटतं. पिवळा, निळा मात्र लांबून कळतो. तेव्हा मांडव लाल करा, फुलं लाल लावा, झेंडू आणू नका, म्हणजे माश्या तिकडे ढुंकून पाहणार नाहीत. खजिनदारांनी शंका काढली की काही लाल फुलांवर त्यांनी स्वतः माश्या पाहिल्या आहेत. ताई खूश झाली. म्हणाली, बरोबर आहे, काही लाल फुलांत आणखी एक रंग असतो. तो आपल्याला दिसत नाही, माशीला दिसतो. शिवाय वास असतोच. म्हणून गुलाब दुकानातले आणा, त्यांना वासच नसतो.

दुसऱ्या दिवशी तिने कमिटीला गवतावर उभं केलं. साखरेच्या पाण्याच्या चार बश्या, दोन लाल कागदांवर, दोन पिवळ्या. अर्ध्या तासात पिवळ्यांवर गर्दी झाली. लालवर एक मुंगी आली, तीही बहुधा चुकून.

अध्यक्षांनी वाकून बश्यांवरच्या माश्या मोजल्या. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या भरवशावर ठेवतो. पन एक जरी माशी भाऊंजवळ आली ना, तर दुसऱ्या दिवशी पोळं गेलं समजा."

ताईने मान डोलावली. त्या दिवसापासून तिने सोसायटीचा ताबाच घेतला. लाल कापड, लाल गालिचा, लाल गुलाब. बायकांना पिवळ्या साड्या नेसायची बंदी, लालच नेसायच्या. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी आमच्याकडे पन्नास नवऱ्या एकाच मांडवात जमल्यासारखं दिसत होतं. झेंडूचं एक तोरण कुणीतरी सवयीने आणलंच होतं. ते ताईने स्वतः पार्किंगमध्ये नेऊन स्कूटरच्या डिक्कीत कोंडलं. माश्या लिंबावर आपापल्या कामात होत्या. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि मला थोडी निराशा वाटायला लागली होती.

मग पांढरी गाडी आली आणि भाऊ उतरले. हळदीसारखा पिवळाधमक कुर्ता. भाऊंना सूचना द्यायची हिंमत अर्थातच कुणी केली नव्हती.

"हे तर सूर्यफुलाचं शेत चालून आलं गा," ताई माझ्या कानाशी पुटपुटली.

भाऊ माइकसमोर उभे राहिले. माशीच्या नजरेने बघा: मागे सगळा अंधार, आणि त्या अंधारात मधोमध माणसाएवढं फूल. ते 'बंधू आणि भगिनींनो'पर्यंत पोचले आणि पहिली माशी खिशावर बसली. मग दुसरी. तिसरी बाहीवर. भाऊंचा हात वर गेला. अध्यक्षांचा चेहरा पाहवत नव्हता.

ताई उठून थेट मंचासमोर गेली.

"भाऊ, हात खाली घ्या. हलू नका. बोलू पन नका. त्या पाहतील, काही मिळनार नाही, जातील."

भाऊ गप्प झाले. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात असं पूर्वी घडलं नसावं. दोनशे माणसं एका खिशाकडे बघत होती. मला इतकं हसू येत होतं की मी समोरच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली. माश्यांनी खिसा तपासला, पेन तपासलं, पोटाचा एक फेरफटका मारला. दोन-तीन मिनिटांनी त्यांची खात्री पटली की या फुलात काही नाही, आणि एकेक करून त्या उडाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष मात्र ताईकडे बघत होते, आणि त्यांनी उद्याचा बेत ठरवलेला मला स्पष्ट दिसत होता. ताईलाही दिसला. तिचा चेहरा उतरला.

भाऊंनी घाम पुसला, कुर्ता सारखा केला. आपल्याला काही झालं नाही हे लक्षात येताच त्यांचा आवाज परत आला. म्हणाले, "पाहिलं का तुम्ही? एवढे गुलाब लावले. एकावर बसली नाही. माह्यावर येऊन बसली. तिले माणूस समजते. हे पोळं इथून हलवाचं नाही, अध्यक्षसाहेब. माहा शब्द आहे."

"हो भाऊ. हलवनार नाही," अध्यक्ष हात जोडून म्हणाले.

ताई माझ्या शेजारी येऊन उभी होती. ती तोंड उघडणार हे मला दिसलं. चुकीचं उत्तर ऐकून गप्प राहणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि हे तर दोनशे लोकांसमोर माइकवरून दिलेलं.

"सांगू का मी, कुर्त्याचं?" मी हळूच विचारलं.

"चूप बस गा," ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवायला लागली. जोरात, हात वर करून, भाऊंना नीट दिसाव्यात अशा.