अक्का, दाजी आणि दोन चालींचा ट्रक

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला... मी जुडी तशीच टाकून उठले. चप्पल घातली, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. रिक्षात बसल्यावरही मला धड बसवेना. आता बरेच आठवडे उलटले, तरी तेच चाललंय. घरात या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले होते ते आठवत नाही. म्हटलं, अक्काबद्दल लिहून बघावं; निदान तेवढा वेळ तरी एका जागी बसणं होईल.

अक्का माझी थोरली बहीण. फुलंब्रीच्या घरी आई तिला म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं धाडलीय." निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतर चारदोन वर्षांत तिचं लग्न झालं आणि ती औरंगाबादला आली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, आधी सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथं यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. ते काम सुटलं, तेव्हा त्यांनी महायुद्धातून उरलेला एक जुना अमेरिकन ट्रक घेतला आणि कापसाच्या गाठी वाहायला लागले. त्या ट्रकच्या मागच्या एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, दोन चाली होत्या. एक ओझ्याची, सावकाश. दुसरी सपाटीवरची, पळती. डाव्या हाताशी असलेल्या गिअरच्या दांड्याला एक बटन होतं; खाली दाबलं की सावकाश चाल, वर ओढलं की पळती. पण नुसतं बटन हलवून भागत नसे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, जरा थांबायचं, मागून खट् असा आवाज आला की मग पुन्हा पाय द्यायचा. दाजी तळहातानं बटन दाबू शकत, पण अंगठ्यावाचून त्यांना ते ओढता येईना. म्हणून अक्का शेजारी बसायला लागली. दाजी म्हणायचे, "ओढ," ती ओढायची, ते पाय उचलायचे... दोघं मिळून एक गाडी हाकायची. भावकीतले हसले. अक्काला त्याचं काही नव्हतं. घरात बसणं टळलं, यातच ती खूश होती.

ट्रकची दुरुस्ती करणारे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी अक्काला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भाभी, उतार पे इस बटन को हात नको लगाना. बीच में अटका तो इंजन अलग, चक्के अलग." म्हणजे घाट उतरायचा तर माथ्यावर थांबून आधीच सावकाश चाल घालायची. वाटेत बदलायला गेलं आणि एक्सल दोन चालींच्या मधे लटकला, तर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. उरतो तो फक्त ब्रेक.

एकदा मला चाळीसगावला रेल्वे धरायची होती, म्हणून मी त्यांच्यासोबत निघाले. गाडी गाठींनी भरलेली. कन्नडच्या पुढं घाटाच्या माथ्यावर अक्का म्हणाली, "थांबा, बटन खाली दाबू." दाजींना माल पोचवायची घाई होती. "पुढं बघू," म्हणाले आणि तसेच उतरले. दुसऱ्या वळणावर गाडीनं वेग घेतला तसे ते ओरडले, "दाब! दाब म्हणतो ना!"

"आता नाय. चाचांनी सांगितलंय."

"मला शिकवती का?" असं म्हणत त्यांनी स्वतःच तळहातानं बटन दाबलं... मागून खट् आलंच नाही. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला आणि गाडी दगडासारखी सुटली. दाजी ब्रेक मारत होते, जळका वास यायला लागला, डाव्या हाताला दरी. मी डोळे मिटून घेतले. अक्काचा आवाज मात्र मला अजून ऐकू येतो. एवढ्या वेगात सावकाश चाल बसणार नव्हती; तिनं बटन पुन्हा वर ओढलं आणि म्हणाली, "रेस द्या. अजून द्या... अजून... आता सोडा!" दाजींनी ती म्हणेल तसं केलं. गाडीला जोराचा हिसका बसला, मागं खट् वाजलं आणि इंजिनानं गाडी धरली. मग ब्रेक थोडाथोडा दाबत त्यांनी ती डोंगराच्या बाजूच्या चरात घातली.

खाली उतरल्यावर दाजी वळसा घालून अक्काच्या बाजूला आले. "मी वरडलो तुझ्यावर," ते म्हणाले.

"ते मागनं बघू. आधी चाकाला दगड लावा."

ब्रेक निवेपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसलो. माझी रेल्वे चुकली. निघताना दाजी तिच्याकडं न बघता म्हणाले, "तू स्टेरिंग शिक आता." बिडकीनच्या रस्त्यावर त्यांनीच तिला शिकवलं. पुढं छातीच्या दुखण्यानं दाजी अंथरुणाला खिळले, तेव्हा अक्का एकटीनं ट्रक चालवू लागली. लोक रस्त्यात थांबून बघायचे. संध्याकाळी ती घरी आली की दाजी विचारायचे, "आज कुठं दाबलं? कुठं ओढलं?" ती चहा पीत एकेक चढ, एकेक उतार सांगायची आणि ते डोळे मिटून पडल्यापडल्या पाय हलवायचे.

दाजी गेल्यावर तिनं ट्रक विकला. मी म्हटलं, "अगं, चांगला चालतोय की." ती म्हणाली, "चालतोय गं. पण घरी येऊन सांगू कुणाला?"

त्यानंतर तिनं मला धरलं. रोज सकाळी फोन यायचा, "उठलीस का? चल, कुठंतरी जाऊन येऊ." मग आम्ही दोघी म्हाताऱ्या मिळेल त्या एसटीत बसायचो, खिडकीशी ती, अलीकडे मी. पैठणला जायचो, कधी सिल्लोडला. तिथं उसाचा रस प्यायचा आणि परत यायचं. माझे गुडघे दुखायचे, मी कुरकुरायचे. ती ऐकायची नाही.

आता सकाळी फोन वाजत नाही. परवा न राहवून मी एकटीच स्टँडवर गेले आणि समोर उभी होती त्या गाडीत चढले. कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुठलं तिकीट देऊ?" मला सांगता येईना. मी खिडकीजवळची जागा रिकामी ठेवून अलीकडे बसले होते, हे मला तेव्हाच कळलं.