आधी बोलायला शीक

"ही नर्सिंगला आलीय की बाजारात वांगी विकायला?"

मॅडमचा हा मेसेज समद्या वर्गाच्या ग्रुपवर पडला. त्याखाली हसणारी तोंडं. एकाखाली एक. मी विहिरीपाशी उभी व्हते, कारण निरवांगी गावात आमच्या घरात रेंज येत न्हाय. हातात तात्यांचा फोन. तात्या, म्हंजी माझे वडील, खरंच वांगी लावत्यात. आई ती बाजारात विकायची.

करोनात आमचं बारामतीचं कॉलेज बंद पडलं व्हतं. शिकवणं समदं मोबाईलच्या ग्रुपवर. मॅडम रोज एक पेशंट मांडायच्या, आमी आवाजात उत्तर पाठवायचं. त्या दिवशी धाप लागलेल्याला कसं झोपवायचं, ते सांगायचं व्हतं. मी बोलले, "पेशंटला पालथं झोपवायचं हाय. पोटावर दाब येऊ द्यायचा न्हाय."

त्यावर मॅडमचा तो मेसेज आन ते हसू.

मी लिहिलं, "मॅडम, उत्तर चुकलं का?"

"उत्तराचं सोड. आधी बोलायला शीक. तोवर तू फक्त ऐकायचं."

मी ऐकत राहिले. बाकीच्या पोरी शंका विचारायच्या. मी बोट फोनवर ठिवायची आन काढून घ्यायची.

मग आई आजारी पडली. ताप, खोकला, धाप. गावच्या आशाताईनं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन दिलं. आकडा खाली खाली चालला. मी विहिरीकडं पळाले, इंदापूरच्या दवाखान्यांना फोन केले. खाट न्हाय. मग ग्रुपवर बोलले, "मॅडम, आईला लई धाप लागलीय. ऑक्सिजन कमी झालाय. बारामतीत कुठं खाट मिळल का? कुणीबी सांगा."

मॅडमनी लिहिलं, "घरगुती गोष्टी ग्रुपवर नकोत. तुला ऐकायला सांगितलं होतं."

आन मला ग्रुपमधनं काढून टाकलं.

तात्यांनी टेम्पोतली वांग्याची क्रेटं उतरवली. गोधडी टाकून आईला पालथं झोपवलं. वाटंत ती एकदाच बोलली, "पाणी दे." बारामतीत या दवाखान्यातनं त्या दवाखान्यात. शेवटच्याच्या फाटकात ती गेली. मी नर्स व्हणार व्हते. तिच्या पाठीवर हात ठिवून नुसती बसले.

कुणी उत्तर दिलं असतं तर आई वाचली असती, आसं मी म्हणत न्हाय. खाटा कुणालाच मिळत नव्हत्या. पण कुणीतरी "बघते" म्हणलं असतं.

काही दिवसांनी विहिरीपाशी असताना मॅडमचा फोन आला. "तुझ्या आईचं कळलं. वाईट झालं. पण शिस्त म्हणजे शिस्त. शुद्ध भाषेत माफी लिहून पाठव, परत घेते ग्रुपमध्ये."

तात्या शेजारी बसले व्हते. हळूच म्हणले, "माग, पोरी. वरीस वाया जाईल."

मी म्हणले, "मॅडम, आईसाठी विचारलं व्हतं. माफी मागणार न्हाय."

त्यांनी फोन ठेवला.

तवापासनं मी ग्रुपबाहेर. वर्गातली शबाना गुपचूप धडे पाठवती. त्या दिवशी तीबी हसली व्हती. तिनंच सांगितलं. मी धडे घेतले.

तोंडी परीक्षा मॅडमच घेणार हायत. तात्या म्हणत्यात, तेवढ्यापुरतं त्यांच्यासारखं बोल. न्हाय बोलणार. उद्या माझ्या वार्डात कुणी धापा टाकत आलं, तर त्याची भाषा तपासणार न्हाय. आन मला बोलीवरनं नापास केलं, तर परत बसीन. परत केलं, तर परत.