पिशवीतला फिल्टर

ही गोष्ट मी नऊ वर्षं टाळली. म्हणजे सांगितलीच नाही असं नाही. शंभर वेळा सांगितली, पण खोटी. लंडनजवळच्या स्टॅनमोरमधल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात ती माहीत आहे: सासूबाईंच्या धुपामुळे आमचं हीटिंग बंद पडलं आणि ते मी शोधून काढलं. आता शहात्तराव्या वर्षी खरं काय ते लिहून ठेवतो. बायको हे वाचेल तेव्हा मी बागेत असेन.

आमचं घर सत्तरच्या दशकातलं. इतरांकडे रेडिएटर असतात, आमच्याकडे जिन्याखालच्या कपाटात गॅसवर चालणारं एक उंच युनिट आहे. ते घरातली हवा ओढून घेतं, तापवतं आणि जमिनीलगतच्या जाळ्यांमधून परत सोडतं. हवा आत शिरते तिथे पुठ्ठ्याच्या चौकटीचा एक फिल्टर बसतो. तो अधूनमधून बदलायचा, आणि हे काम माझं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. स्लाऊच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज करण्यात माझी सगळी नोकरी गेली.

त्या वर्षी सासूबाई दिवाळीला पुण्याहून आल्या, त्या गुढीपाडव्यापर्यंत राहणार होत्या. वय ब्याऐंशी. ही आपली शेवटची खेप, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. बायकोच्या डोक्यात एकच होतं, यंदाची गुढी आईच्या हातून उभारायची. बांबू मिळेना म्हणून तिने पडद्याची काठीसुद्धा काढून ठेवली होती.

थंडी सुरू झाली तसा मी नवा फिल्टर आणला आणि कपाटासमोर गुडघे टेकले. सासूबाई शेजारच्या खुर्चीत वाती वळत होत्या. फिल्टरच्या चौकटीवर बाण असतो, तो हवा जाते त्या दिशेला करायचा असतो, उलटा बसवला की संपलं, हे मी त्यांना टॉर्च धरून समजावून सांगितलं.

“जावईबापू, वरची पिशवी काढायची नाही का?”

“कशाला, आई? मळेल ना तो.”

“मळण्यासाठीच बसवताय ना?”

“हे टेक्निकल आहे, आई.”

त्यांनी पुढची वात घेतली.

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो. गाडीच्या मागच्या सीटवरचं प्लास्टिक मी गाडी विकायच्या दिवशी काढलं होतं. नवी वस्तू नवी राहावी, एवढाच माझा हेतू. त्यामुळे मी तो फिल्टर त्याच्या पारदर्शक पिशवीसकट आत सरकवला. बाण मात्र अचूक होता, हे नमूद करतो.

युनिट सुरू केलं की पंखा घुसमटल्यासारखा घोंघावायचा, जाळीतून कोमट फुंकर यायची आणि दहा मिनिटांत सगळं बंद. आत हवाच जात नव्हती, त्यामुळे ते भलतंच तापायचं आणि सुरक्षेसाठी स्वतःच बंद व्हायचं. मी थर्मोस्टॅट बदलला. मॅन्युअल काढलं. त्यात पहिलीच सूचना ‘फिल्टर तपासा’ अशी होती. आपला तर नवाकोरा आहे, म्हणून ती सोडून मी दुसरीकडे वळलो.

“अहो, कुणाला तरी बोलवा आता,” बायको म्हणाली. “आईने स्वेटरवर स्वेटर घातलाय.”

घरात इंजिनिअर असताना बाहेरचा माणूस येणार म्हटल्यावर कारण सापडणं तातडीचं झालं. सासूबाई सकाळ-संध्याकाळ देवापुढे धूप घालत. स्मोक अलार्म केकाटायचा आणि त्याच तालावर त्या आरती आटपायच्या.

“धूर,” मी म्हणालो. “धुराचे कण आत जाऊन बसतात.”

इतक्या खात्रीने मी ऑफिसातही कधी बोललो नव्हतो.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी धुपाटणं बागेत नेलं. अंगावर माझा ओव्हरकोट, डोक्याला मफलर, समोर कौन्सिलच्या कचऱ्याच्या पेट्या. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, डिसेंबरात बार्बेक्यू? सासूबाईंनी हसून त्यांनाही हात जोडले.

तरीही युनिट सुधारेना. मग मी फोडणीवर घसरलो. तेलाचा अंश हवेत मिसळतो वगैरे. पुढचे आठ दिवस आम्ही बिनफोडणीची आमटी खाल्ली, कोट घालून.

नवव्या दिवशी सासूबाईंनी पुण्याला मुलाला फोन करून परतीचं तिकीट अलीकडे घ्यायला लावलं.

“आई, अगं पाडवा?” बायको रडवेली झाली.

“पाडवा काय, तिकडेही येतो. माझ्या पायी तुमचं घर गार पडलंय, ते बघवत नाही मला.”

दुसऱ्या दिवशी मायलेकी आहेराची खरेदी करायला गेल्या. मी कपाट उघडलं. बाण उलटा तर नाही ना, एवढंच पाहायचं होतं. फिल्टर बाहेर ओढला. पंख्याच्या ओढीने पिशवी त्याला गच्च चिकटली होती. मी ती सोलून काढली, फिल्टर परत सरकवला आणि युनिट सुरू केलं. तासाभरात घर असं ऊबदार झालं की मी स्वेटर काढला.

त्या परत आल्या. बायको दारातच थबकली. “अहो, चालू झालं!”

सासूबाईंनी जाळीवर तळहात धरला. चेहरा उजळला. “बघितलंत? फोडणी थांबवल्याचा गुण.”

पिशवी माझ्या खिशात होती. तिकीट अजून बदलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

“हो,” मी म्हणालो. “थोडा वेळ लागतो.”

सासूबाई ठरल्या दिवशी पुण्याला परत गेल्या. पाडव्याला आमच्याकडे गुढी उभारली नाही. बायकोने पडद्याची काठी परत पडद्याला लावली आणि दिवसभरात ती माझ्याशी ‘जेवायला या’ एवढंच बोलली.

पुढच्या वर्षी मी पुण्याला गेलो तो खरं सांगायलाच. विमानात वाक्य पाठ केलं. सासूबाई खिडकीशी पलंगावर होत्या, खूप वाळल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

“आई, ते हीटिंगचं मला तुम्हाला...”

त्यांनी हात वर केला. “थांबा. मीच बोलणार होते. तुमचं एवढं यंत्र माझ्यामुळे बिघडलं, पण तुम्ही एका शब्दाने टाकून बोलला नाहीत. मी इथे सगळ्यांना सांगते, जावई असावा तर असा. मला माफ करा हो.”

“असू द्या, आई,” माझ्या तोंडून निघून गेलं. “होतं असं.”

म्हणजे माफी मागायला गेलो आणि देऊन आलो. वर दोन बेसनाचे लाडूही खाल्ले.

त्याच वर्षी गणपतीनंतर सासूबाई गेल्या. विमानात पाठ केलेलं ते वाक्य मला अजून जसंच्या तसं येतं: आई, यंत्र तुम्ही नाही, मी बिघडवलं. पिशवी काढायची होती, तुम्ही तेव्हाच विचारलं होतंत. पाडव्यापर्यंत तुम्ही लेकीकडे राहायला हवं होतं, राहिला नाहीत ते माझ्यामुळे. मला माफ करा.