सूत्रमामांची रद्द झालेली बातमी

आमच्या शुभाने मुलगी झाल्याचं दवाखान्यातून स्वतः फोन करून कळवलं, तेव्हा तिच्या मामांनी पलीकडून पहिला प्रश्न विचारला, "कुणी सांगितलं?"

"मामा, मीच सांगतेय. मला झालीय."

"हे झालं एक सूत्र. दुसरं?"

दुसरं सूत्र म्हणून फोन माझ्या हातात आला. मी नुकता बाप झालो होतो, अंगात थोडी मिजास होती, आणि हा माणूस मला साक्षीदारासारखा उभा करून वजन किती, वेळ काय, बाळंतीण कशी, हे सगळं पुन्हा विचारत होता. समाधान झाल्यावर म्हणाले, "अभिनंदन, जावईबापू. आता बातमी द्यायला हरकत नाही." घरात त्यांना सूत्रमामा म्हणत ते उगाच नाही.

मामा एका वृत्तसंस्थेच्या पुण्यातल्या कचेरीत होते. वृत्तसंस्था म्हणजे वर्तमानपत्रांना बातम्या पुरवणारी घाऊक पेढी. तिचं नाव बातमीच्या आधी कंसात छापतात आणि वाचक ते गाळून पुढे जातो. मामांचं अख्खं आयुष्य त्या कंसात गेलं. लग्न केलं नाही. नारायण पेठेत दोन खोल्या, एक रेडिओ आणि इस्त्रीचे पांढरे शर्ट, एवढा संसार. पण वाक्याची ओळख अशी, की एखादी सुगरण आमटीच्या वासावरून मसाला कुणाच्या घरचा ते सांगते, तसे ते कुठलीही बातमी वाचून कुणाच्या हातची ते सांगत.

मग ब्लॉग आले. वृत्तसंस्थेच्या बातम्या लोक जशाच्या तशा उचलून आपापल्या पानांवर लावायला लागले, आणि वाक्यं ओळखणारा माणूस म्हणून नोटिसा पाठवण्याचं काम मामांकडे आलं. त्या काळात मीही बँकेतल्या फावल्या वेळात एक ब्लॉग चालवत होतो. वाचक मुख्यतः सासरचे. मजकुरात मिसळीबद्दलची मतं माझी आणि बाकीच्या बातम्या मामांच्या. एका शनिवारी मला रजिस्टर टपालाने 'महोदय' अशी सुरुवात असलेली नोटीस आली. दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे कर्वेनगरला आमच्याकडे जेवायला आले. भाताला हात घालता घालता म्हणाले, "नोटीस मिळाली?"

"मिळाली."

"उत्तर लेखी द्या. शुभे, आमटी छान झालीय."

पुढे प्रकरण चिघळलं तेव्हा एका कॉलेजच्या सभागृहात ब्लॉगवाले आणि वृत्तसंस्था अशी समोरासमोर बैठक झाली. मी मागच्या रांगेत, दोन्हीकडून लपून बसलो होतो. टी-शर्ट घातलेला एकजण उठून म्हणाला, "काका, पूल पडला ही काय तुमच्या मालकीची गोष्ट आहे का?"

"पूल तुमचा," मामा म्हणाले. "पडलेलाही तुम्हीच ठेवा. पण तो पडला हे कळावं म्हणून आमचा माणूस रात्रभर चिखलात उभा होता. त्याने लिहिलेली चार वाक्यं आमची."

"अहो, पेपर वाचतो कोण आता? आम्ही तुमची बातमी लोकांपर्यंत नेतोय. उपकार माना!"

"चोराने घरातली भांडी बाजारात मांडली, तर मालकाने जाहिरातीबद्दल आभार मानायचे होय?"

शेवटी तोडगा निघाला तो मामांच्याच हट्टाने. घ्यायची तर बातमी अक्षरशः घ्या, खाली श्रेय द्या, आणि आतला एक शब्दही बदलू नका. "आम्ही लिहिलं ते आम्ही लिहिलं. त्याला तुमचा हात लागता कामा नये." या अटीवर सगळ्यांनी मान डोलावली. मामा त्या दिवशी जिंकून, रिक्षाने घरी गेले.

त्यांच्या कचेरीत एक चाल होती. नामवंतांचे मृत्युलेख आधीच लिहून तयार ठेवावे लागतात, ऐनवेळी कोण जन्मतारखा शोधत बसणार! तर कुणी निवृत्त झालं की सहकारी त्याचाही मृत्युलेख लिहीत, निरोपसमारंभात तो वाचत, आणि मग उत्सवमूर्तीने स्वतः तो तपासून द्यायचा. पेढे आणि हशा. मामांनी आपला लेख असा तपासला की जणू दुसऱ्याच कुणाचा. 'मनमिळाऊ' खोडलं. "पुरावा नाही," म्हणाले. पत्त्याच्या जागी 'कर्वेनगर येथील राहत्या घरी' असं घातलं, कारण तेव्हा आमच्या शेजारी फ्लॅट घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. पुढे तो व्यवहार फिसकटला. लेख कचेरीच्या संगणकात गेला आणि पत्ता दुरुस्त करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, मामांच्यासुद्धा. जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचा पत्ता चुकला.

काही वर्षांनी कचेरीत नवे संगणक बसले. जुने तयार लेख नव्यात घालताना एक लेख चुकून बाहेर गेला. मी बँकेत होतो. मोबाइलवर मामांचं नाव, अल्पशा आजाराने, कर्वेनगर येथील राहत्या घरी, पश्चात भाची, जावई असा परिवार. मी नारायण पेठेत फोन लावला. फोन उचलला तो मामांनीच.

"वाचलं," ते म्हणाले. "शेवटचा परिच्छेद लांबलाय. घाबरू नका, रद्दचा संदेश गेलाय."

वृत्तसंस्थेचा रद्दचा संदेश म्हणजे ब्रह्मवाक्य. तो आला की वर्तमानपत्रं बातमी तिथल्या तिथे काढून टाकतात. तशी त्यांनी काढलीही. पण संदेश जातो तो वर्गणीदारांना. न विचारता उचलणाऱ्यांना कोण कळवणार? ब्लॉगांवर मामा गेले ते गेलेच.

मामांना आधी मजा वाटली. मग ते एकेकाला पत्रं धाडायला लागले. एका पानावरून बातमी उतरली की दोन नव्या पानांवर चढायची. एरंडवण्यात एक निवृत्त प्राध्यापक दिवंगत पुणेकरांचा ब्लॉग चालवायचे, तो सगळ्यांत जास्त वाचला जायचा. मामा आणि मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनी अर्धंच उघडलं.

"आपण?"

"ज्याला तुम्ही घालवलंत, तो मी."

प्राध्यापकांनी मामांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. माणूस पाहतात तसं नव्हे, फोटोशी ताडून पाहतात तसं. मग म्हणाले, "आम्ही कशाला घालवू? आपल्याच संस्थेची बातमी आहे. खाली श्रेय दिलंय. एक शब्द बदललेला नाही. अट आपलीच होती."

"बातमी रद्द झाली."

"आम्हाला कुणी कळवलं नाही. आम्ही कुठे आपले ग्राहक?"

"मग आता मी कळवतो. मी जिवंत आहे. तसं लिहा."

"लिहू की," प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "पण हे सांगतंय कोण? आपण स्वतः. म्हणजे एकच सूत्र झालं."

मी हसून 'दुसरा मी' म्हणणार होतो. पण मामांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली होती. प्राध्यापकांचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

तिथून मामा बदलले. रोज दुपारी ते ते ब्लॉग उघडून खालचे अभिप्राय वाचत बसायचे. अनोळखी माणसं त्यांच्या आठवणी लिहीत होती. कुणी म्हणे, शेवटच्या आठवड्यात भेटलो होतो, फार थकले होते. कुणी म्हणे, कर्वेनगरात संध्याकाळी काठी टेकत फिरायचे. मामांनी उभ्या जन्मात काठी धरली नव्हती. "हा कोण ते मला ठाऊक नाही," ते मला म्हणाले, "पण लिहितो असं, की वाटतं, आपणच विसरलो असू." पुढे कुठल्याशा यंत्रांनी वाक्यं फिरवून लिहिलेली पानं आली. त्यांत अल्पशा आजाराचा दीर्घ आजार झाला. एका पानावर ते झोपेत गेले होते. ते पान मामांना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

जिन्यात नवे भाडेकरू त्यांना पाहून भिंतीला चिकटून उभे राहायला लागले. जुन्या स्नेह्यांचे फोन थांबले. एकदा शुभाने विचारलं, "मामा, चहात साखर किती घालू?" मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांना कमी लागायची." शुभाच्या हातातला चमचा खाली पडला. "मामा, असं बोलू नका हो," ती म्हणाली. मामा भानावर आले, ओशाळले, आणि त्या दिवशी साखर जरा जास्तच मागून घेतली.

त्यात नारायण पेठेतली इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने मिळत होता. शुभा आनंदली, मी तर टेम्पोवाल्याशी बोलूनसुद्धा आलो. मामा नाही म्हणाले. बातमी आल्यापासून ते रविवारचे जेवायलाही कर्वेनगरला येत नव्हते, शुभाच डबा घेऊन जायची, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"मामा, तुम्ही असल्या गोष्टी मानता?" मी म्हणालो. "तुम्ही?"

"मी काही मानत नाही. तपासतो." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या बातमीत सगळं खरं आहे, जावईबापू. नाव, नोकरी, भाची, तुम्ही. खोट्या गोष्टी दोनच, कर्वेनगर आणि मी गेलो. एक खरी केली, की दुसरीला कितीसा वेळ लागणार?"

मी टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

मग एका ओळखीतून येरवड्याला खोली मिळाली. खिडकीतून तुरुंगाची लांबलचक भिंत दिसायची. मी म्हटलं, "काय हा शेजार!" मामा म्हणाले, "चांगला आहे. इथे माणूस आत आहे की बाहेर, एवढं तरी नक्की असतं." तिथे ते खुलले. भाजी आणायला जायचे, रेडिओ लावायचे, अभिप्राय वाचणंही कमी झालं. आजारी पडले तेव्हा शुभाने हात जोडले, निदान दवाखान्यातून तरी आमच्याकडे चला. त्यांनी ऐकलं नाही, येरवड्याच्या खोलीवरच परतले. शेवटच्या सकाळी आम्ही दोघं त्यांच्या उशाशी होतो. डोळे मिटलेलेच होते.

"कुठे आहोत आपण?"

"येरवड्यात, मामा," शुभा म्हणाली.

"मग ठीक," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने गेले.

वृत्तसंस्थेने या वेळी मला विचारून, पत्ता घालून नीट बातमी दिली. मीही ब्लॉगवर लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा सगळी वाक्यं स्वतःची. कुणीही उचललं नाही. त्यांच्या लेखी बातमी जुनी होती.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने फाटकाजवळ सिमेंटचा बाक बसवला. मामांनी तो पाहिलेला असणं शक्य नाही. परवा सेक्रेटरींनी मला त्याच्यापाशी थांबवलं. "तुमचे मामेसासरे ना हो, इथे संध्याकाळचे बसायचे, काठी घेऊन? फार सज्जन माणूस." शेजारच्या वहिनींनीही मान हलवली. त्यांनाही आठवत होते.

मी सांगितलं, ते इथे कधी राहिले नाहीत, ते येरवड्याला गेले, मी जवळ होतो. सेक्रेटरी माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो, धक्का बसतो माणसाला." आता हे अधूनमधून होतंच. जो कुणी विचारेल त्याला मी तेच, तितक्याच शब्दांत सांगतो. आणि मग बाकाला वळसा घालून घरी येतो.